बोअरचे धान

आमच्या बोअरचं पाणी दर उन्हाळ्यात खाली जातं आणि त्याचे किस्से दर उन्हाळ्यात वर येतात. पानठेल्यावर मी एखादा सांगायला लागलो की मित्र तंबाखू-सुपारी हातात घेत म्हणतात, "थांब बे, आधी खर्रा घोटू दे." मी तसा कमी बोलतो. नववीतून शाळा सुटली, तेव्हापासून शेत आणि घर. पण हे किस्से पोटात मावत नाहीत, काय करू!

आमचं गाव अड्याळच्या जवळ. एका अंगणात तीन घरं: मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, धाकटे काका, आणि आई नि मी. वडील नाहीत. तिन्ही घरांत मिळून बोअर एकच. तो नव्हता तेव्हा आई देवळामागच्या हातपंपावरून डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आणायची. त्यात तिचे गुडघे गेले. आता तिला भीती एकच. बोअर गेला तर पुन्हा तो पंप.

आणखी एक आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून आईनं मोठ्या बाबांना थेट एक शब्द म्हटलेला नाही. जे असेल ते डोक्यावर पदर घेऊन, दाराआडून: "बाबू, सांग तुह्या मोठ्या बाबाले." मोठे बाबा समोर खाटेवर बसून सगळं ऐकत असतात. तेही मलाच म्हणतात, "सांग तुह्या मायले." मी मध्ये नुसतं उभं राहायचं. लाजाळू माणसाला याहून चांगली नोकरी कुठं मिळणार!

*

अड्याळच्या मेकॅनिकनं मोटर वर काढली तेव्हा आतला लोखंडी पाइप गंजून चाळणी झाला होता. "दोन-तीन उन्हाळे निघंल," तो म्हणाला. "मंग हा बोअर धसला म्हणून समजा. नव्याची तयारी आतापासून करा."

मोठ्या बाबांनी लगेच प्लॅन काढला. पैसे जमवायचे नाहीत. मळणी झाली की प्रत्येक घरानं थोडे धान एका वेगळ्या ढोलीत, म्हणजे कणगीत, टाकायचे. ढोली भरली की धान विकायचे आणि नवा बोअर पाडायचा.

"पैसे काहून नाही, दादा?" काकांनी विचारलं.

"पैशाले पाय असते. धानाले कुठं पाय असते!"

बांबूची नवी ढोली आली. शेणानं लिंपली, हळदकुंकू लावलं आणि मोठ्या बाबांच्याच घरात ठेवली.

*

पुढची मंडई आली. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतरची आमची जत्रा. दंडार, नाटक आणि घरोघरी पाहुणे. मोठ्या बाबांकडं तर इतके आले की खाटा शेजाऱ्यांकडून आणाव्या लागल्या. आईनं पाहिलं, ढोलीतलं पोतं राइस मिलला चाललंय.

"बाबू, सांग त्यायले, ते बोअरचे धान होय."

"सांग तुह्या मायले, पाहुणे जेवल्यावर पाणी पेत नाही का? मंग! बोअरच्याच कामाले लागले ना धान!"

हा हिशेब मला अजून समजलेला नाही. पाहुण्यांना मात्र लगेच समजला. ते मुक्काम वाढवून राहिले. धानाला पाय नसतात हे खरंच आहे. पाहुण्यांना असतात, आणि ते लवकर हलत नाहीत!

*

काका हुशार माणूस. आपला वाटा काठोकाठ मोजून टाकायचे. एकदा आईला शंका आली. तिनं मूठभर काढून सुपात पाखडले. अर्धे उडून काकांच्याच दारात जाऊन पडले! उडाला तो सगळा बदरा, म्हणजे दाणा न भरलेले पोकळ धान.

काका शांत. "वहिनी, माप बरोबर आहे का नाही?"

काका धाकटे, त्यांच्याशी बोलायला आईला बंदी नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे ना भाऊ. पण या धानाचा बोअर पाडला तं त्यातून वाराच निघंल."

*

ढोली निम्मीही भरली नव्हती, तरी मोठ्या बाबांनी जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या बोलावला. जागा तर पाहून ठेवू! तो तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणभर फिरला. ज्या घरी चहा मिळाला, त्या घराच्या दारात नारळ उभा राहिला. असं करत तिन्ही दारी भरपूर पाणी लागलं. पाणाड्याची दक्षिणा कुठून दिली? ढोलीतून.

आई दाराआडून म्हणाली, "बाबू, सांग त्यायले, तो नारळच फोडा. त्यात तरी पाणी आहे."

*

मध्ये नळ योजना आली. दारात चकचकीत तोटी बसली. "आता कायची ढोली!" मोठे बाबा म्हणाले, आणि त्या मंडईला उरलेली पोतीही मिलला गेली. तोटीतून थेंब आला नाही. पण वाया कशी जाऊ देणार? बकरी बांधायला मजबूत आहे ती!

*

यंदा मे महिन्यात, भर दुपारी, मोटर घरघरली. आधी लाल पाणी आलं, मग चिखल, मग नुसती हवा. बोअर धसला.

सगळे ढोलीभोवती जमले. काकांनी खालचं तोंड उघडलं. आतून एक उंदीर निघाला आणि त्याच्या मागोमाग बदरा. उंदरानंसुद्धा त्याला तोंड लावलं नव्हतं!

मोठे बाबा खाटेवर जाऊन बसले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं झालं बा. धान असते तरी शिजवाले पाणी कुठं होतं?"

काका हसले. मोठे बाबाही हसले.

आई दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, हातात रिकामा गुंड. मी सवयीनं माझ्या जागी, मध्ये जाऊन उभा राहिलो. ती माझ्या बाजूनं पुढं गेली, एक-एक गुडघा सांभाळत. गुंड खाटेसमोर ठेवला आणि म्हणाली,

"भाऊजी, उचला. पंप देवळामांगं आहे."

बकरीनं चारा चघळायचा थांबवला.

मोठ्या बाबांनी गुंडाकडं पाहिलं. मग मान माझ्याकडं वळवली.

"काय म्हणते बे तुही माय?"