अंबूताईंचा वर्ग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी अंबूताईंचं नाव घेईन. तळा गावच्या शेतकऱ्याच्या मुलाला अलिबागेत स्वतःच्या घरी ठेवून त्यांनी मॅट्रिक केलं आणि बी. ए. होईपर्यंत त्या पाठीशी राहिल्या. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात ताई रेवदंड्याला वारल्या. त्यांचे भाचे विनायकराव यांची तार आली, ती हातात धरून, मी काम करतो त्या वृद्धाश्रमाच्या जिन्यात मी किती वेळ उभा होतो कोण जाणे...

ताई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर रेवदंड्याच्या घरी येऊन त्यांनी एक वेगळाच वर्ग काढला. तरणी माणसं मुंबईला गिरण्यांत, गोदीत गेलेली. घरोघर म्हातारी माणसं एकटी. त्यांची सेवा कशी करावी हे तरुणांना शिकवायचं, असा तो वर्ग. "सासूचे पाय चेपायला आता शाळा व्हय?" असं विहिरीवर बायका म्हणत. सेवाकार्यात पडायचं मी ठरवलं तेव्हा ताईंनी मला तिथेच बोलावलं. गावचे डॉक्टर तक्त्यावर हाडं आणि सांधे दाखवत, आम्ही लिहून घेत असू. मग ताईंनाच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जड झाली. वर्ग संपला असं आम्ही धरून चाललो होतो, पण थोडं सावरताच त्यांनी आम्हांला खाटेभोवती बसवलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "तक्ता... राहू दे. मला बघून शिका."

त्यांचा नियम एकच. म्हाताऱ्या माणसाला हात लावण्याआधी विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. रक्त वाहत असेल किंवा श्वास कोंडला असेल तर गोष्ट वेगळी, एरवी थांबायचंच. घास हातात घेऊन "देऊ का?" विचारावं आणि ताईंच्या ओठांवर "हो" येईपर्यंत हात अवघडून जावा.

विनायकरावांना हे मुळीच पसंत नव्हतं. माणूस वाईट नव्हे. आई लहानपणीच गेलेली, ताईंनीच त्यांना वाढवलेलं. "आत्या पुन्हा पडली तर कोणाचं ऐकणार नाही, मुंबईला घेऊन जाईन," असं त्यांनी बजावलं होतं. मुंबईला म्हणजे गिरगावात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथे वर्ग कसला?

फाल्गुनातली दुपार होती. विनायकराव आगबोटीने यायचे होते. त्यांना आपण दारात उभं दिसावं म्हणून ताई कोणाला न सांगता काठी टेकत निघाल्या आणि माजघरात कोसळल्या. मी आणि हिरा धावलो. हिरा बंदरावरच्या कोळीवाड्यातली, आमच्या वर्गातली सगळ्यांत धीट. तिने ताईंना नीट न्याहाळलं, जमिनीवर बसकण मारली आणि विचारलं, "बाय, उठवू का?"

ताईंचे ओठ हलले. शब्द आला नाही. इतक्यात बाहेर बैलगाडी थांबली.

"उचलूया," मी हळूच म्हणालो. "ते बघतील."

"इचारलंय ना? मंग थांब."

विनायकराव फळांची करंडी घेऊन दारात आले आणि तिथेच थिजले. "आत्या जमिनीवर पडलीय आणि तुम्ही बघत बसलाय?"

"इचारलंय त्यांना," हिरा जागची हलली नाही. "अजून उत्तर आलं न्हाय."

"उत्तर? डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?" करंडी टाकून ते वाकले, तशी ताईंनी डावा हात वर केला.

"विनू. बस."

"आधी उठ, आत्या."

"बस."

ते धोतर सावरत जमिनीवर बसले. कपाळावरचा घामही त्यांनी पुसला नाही. मला तर ताईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं... शेवटी शब्द आले. "आधी गुडघा... मग उठव. तू." गुडघा कसा दुमडायचा ते हिराने दाखवलं आणि विनायकरावांनी आत्याला खाटेवर आणून बसवलं.

"आता विचार," ताई म्हणाल्या.

"काय विचारू?"

"मुंबईचं."

मग, बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी विचारलं, "आत्या, येतेस माझ्याबरोबर?"

या उत्तरालाही वेळ लागला. पण ते "नाही" असंच आलं.

विनायकराव सांडलेली फळं गोळा करू लागले. "मग मलाच येत राहावं लागेल," ते कुरकुरले. "निदान डोक्याखाली उशी तरी द्यायची होती, पोरी."

"उशी देऊ का, ते बी इचारावं लागलं असतं," हिरा म्हणाली. ताई अर्ध्या तोंडाने हसल्या.

त्यानंतर ताईंनी आणखी मुलं तयार केली. मी मुंबईत त्या वृद्धाश्रमात कामाला लागलो. यंदा ताईंना दुसरा झटका आला. वाचा जवळजवळ गेलीच. विनायकरावांनी मला लिहिलं, "ती तुझं ऐकेल. तिला समजाव." मी ताईंनाच पत्र पाठवलं. ते पोचलं आणि हिराने वाचून दाखवलं, एवढं मला कळलं आहे. उत्तर येण्याआधी तार आली. पत्र असं होतं:

"तीर्थरूप ताईंस साष्टांग नमस्कार.

तुम्हांला मुंबईला यायला मी राजी करावं, असं विनायकराव म्हणतात. ते घाबरले आहेत. मीही घाबरलो आहे. इथे मोठे डॉक्टर आहेत आणि मी रोज येईन. तिथे हिरा आहे आणि घर तुमचं आहे. यातलं बरं कुठलं, ते मी लिहिणार नाही. ताई, तुम्हांला इकडे आणू का?

तुमचं उत्तर येईपर्यंत खाट हलवू नका, असं विनायकरावांना कळवलं आहे. त्यांनी मान्य केलं आहे.

आपला,
गणू"