खालचा अर्धा मजकूर

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या बाबांवर अन्याय झाला. करणारे आपलेच लोक होते, आणि पहिली मी होते.

मी लंडनमधल्या हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर पत्रकं वाटते. घरभाडं, बंद पडलेल्या बस, कौन्सिलचा निर्लज्जपणा. दुसऱ्यांवरचा अन्याय मला लांबून दिसतो.

आई गेल्यापासून बाबा एका निवृत्त जपानी फुटबॉलपटूचे व्हिडिओ बघतात. हा माणूस बचावफळीत खेळायचा, तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. आता रोज सकाळी अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारतो, गुडघ्याला पट्टा बांधून, एक शब्द न बोलता. जगभरातले लोक ते बघत बसतात. खाली कुणी बदाम टाकतं, कुणी 'लेजंड' लिहितं. बाबा पत्र लिहायचे. वर 'स. न. वि. वि.', खाली 'आपला नम्र'.

"बाबा, त्यांना मराठी येत नाही."

"मला तरी कुठे जपानी येतं? बघतोच ना मी."

एकदा तिकडून उत्तर आलं, नुसते दोन जोडलेले हात. बाबांनी फोन माझ्यासमोर धरला. "बघ, पोच आली."

त्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बाबांच्या पत्राचा स्क्रीनशॉट टाकला, नावासकट. 'स. न. वि. वि. आपला गुडघा आता कसा आहे? आमच्याकडे थंडी ओसरली. हळद-दूध घेत जावे...' पुढचा मजकूर घडीत गेला होता. खाली ओळ होती, 'काका जपानला स्थळ बघतायत वाटतं.' मी डिस्ट्रिक्ट लाइनच्या मेट्रोत उभी होते, एका हातात पत्रकांचा गठ्ठा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. सगळ्यांत आधी मी. माझ्यामागून रांग लागली. बाबा त्या ग्रुपमध्ये आहेत, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी मूळ व्हिडिओ शोधून 'पुढे वाचा'वर बोट ठेवलं. खाली लिहिलं होतं: 'आमची ही नोव्हेंबरमध्ये गेली. मी विमानतळावरच्या कार्गोच्या शिफ्टवरून यायचो, तेव्हा आपली मॅच लावून ही माझं ताट वाढायची. आपण चेंडू अडवलात की हीच आधी ओरडायची. आता घरात बोलायला कुणी नाही. मुलगी कामात असते. आपणही बोलत नाही, म्हणून आपल्याशी बरं वाटतं.'

मुलगी कामात असते. ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या घरी गेले तोवर त्यांनी सगळी पत्रं काढून टाकली होती. दोन हातांची ती पोचही त्याबरोबर गेली.

"बाबा, मी चुकले."

"अगं, हसण्यासारखंच होतं ते." त्यांनी मला चहा दिला. "म्हातारपणी जरा तोल सुटतो लिहिताना."

"आता बघता का त्यांना?"

"बघतो की. लिहीत नाही."

आता मी रोज जाते. आम्ही हवापाण्याचं बोलतो. त्या पत्रातलं ते मला काहीच सांगत नाहीत, आणि का सांगावं?

मी ग्रुपवर माफी मागितली. दोघांनी अंगठा दाखवला, बाकीचे गप्प. मंडळ समजतं, विषय मिटला. मिटलेला नाही.

आता तुम्ही. त्या ग्रुपमध्ये नसाल, दुसऱ्या कुठल्यातरी असाल. अर्धंच वाचून ज्याला हसलात, त्याचं नाव तुम्हाला आठवतंय. खाजगीत मेसेज करून सुटू नका. जिथे हसलात तिथेच, सगळ्यांसमोर, नाव घेऊन माफी मागा. आज मागा.