आक्काचे नऊ तास

"जोर किती ते विचारू नका, टिकणार किती ते विचारा."

बॅटरीच्या दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला आक्का हे ऐकवायची. बसा नंतर, हे आधी. गिऱ्हाईक नवं असेल तर बावरायचं, जुनं असेल तर तिच्याबरोबर वाक्य पुरं करायचं. पण ऐकल्याशिवाय सुटका कुणाचीच नव्हती.

बॅटरीचं काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. विशीत असताना ती गावाबाहेरच्या शीतगृहात बटाटे निवडायला जायची. तिथे माल उचलणाऱ्या विजेच्या गाडीच्या बॅटरीत पाणी घालायचं काम कुणालाच नको होतं. ॲसिडने कपड्यांना भोकं पडायची. आक्काने ते मागून घेतलं. पाणी घालता घालता तिला बॅटरीचा स्वभाव कळत गेला. कोणती लवकर तापते, कोणती वरवर भरलेली दिसते आणि आतून रिकामी असते. तीस वर्षांनी तिच्या दुकानात चार्जिंगचा लांब ओटा होता, भिंतीला टांगलेल्या जाड वायरी होत्या आणि मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे जुने बल्ब भरलेला एक डबा होता. त्या डब्यावरच सगळं दुकान उभं होतं म्हणा ना. नुसता मीटर लावून आक्का बॅटरी कधी द्यायची नाही. आराम करून उठलेली बॅटरी मीटरला नेहमीच गोड बोलते, असं तिचं मत. ती बॅटरीला बल्ब जोडायची आणि समोर स्टूल घेऊन बसायची. तासाला एकदा आकडा लिहायचा, बाकी वेळ बघत राहायचं.

तिचा थोरला भाऊ जन्मभर बस चालवून निवृत्त झाला आणि त्याने भंगारात निघालेली एक बस घेतली. दोन वर्षं खपून त्याने आत पलंग बसवला, ओटा केला, खिडक्यांना पडदे लावले. आता त्याला बायकोला घेऊन डोंगरावरच्या तळ्याकाठी दहा दिवस राहायचं होतं. तिथे विजेची तार पोचलेली नव्हती, त्याला हवं होतं तेच.

आणि आक्काला घोर लागला होता तोही त्याचमुळे. वहिनीचा श्वास झोपेत थांबायचा. रात्रभर नाकाला नळी लावून एक छोटं मशीन चालवावं लागे. हृदय आधीच दमलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मशीनशिवाय एकही रात्र काढायची नाही.

दादा आला तो ट्रकची बॅटरी घेऊनच.

"ही बघ. दहा चाकी ट्रक एका झटक्यात उठवते. ते एवढंसं मशीन हिला काय जड आहे?"

"उठवते ना दादा. उठवते आणि अंग काढून घेते. पुढचं सगळं इंजिन बघतं. हिला रात्रभर वहिनीच्या उशाशी बसायला सांगितलंस तर दोन-चार खेपांत हिचाच जीव जाईल."

"मग?"

"डीप सायकल. हळूहळू देणारी, तासन्‌तास. रिकामी करायची, भरायची, पुन्हा रिकामी करायची. पण तीसुद्धा निम्मीच वापरायची. खालचा निम्मा आपला नाही, असं समजायचं."

"म्हणजे अख्खी भाकरी घ्यायची आणि अर्धी ताटात ठेवायची!"

"बायको हवी असेल तर ठेवायची."

दादा हसला. आक्का हसली नाही.

तिने एकाच दिवशी बनलेल्या दोन नव्या बॅटऱ्या निवडल्या. दादा त्याची जुनी एक जोडीला घे म्हणत होता. जुनी नवीला ओढून खाते, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. पाणी घालायच्या बॅटऱ्या चार्ज होताना वायू सोडतात आणि वहिनीचा पलंग नेमका बॅटऱ्या ठेवायच्या सामानाच्या कप्प्यावर होता, म्हणून तिने पाणी न लागणाऱ्या, बंद बॅटऱ्या घेतल्या. मशीन आणि दादाचा छोटा फ्रिज मिळून जेवढं खातील तेवढेच बल्ब लावले आणि वहिनीच्या रात्रीएवढे नऊ तास बसली. शेवटी निम्म्याच्या थोडं वर शिल्लक होतं. थोडंच, पण वर. तिने बॅटऱ्या पुन्हा भरल्या आणि उद्या बसवते म्हणाली.

दादा निघता निघता चहा पीत बोलला, "पहाटे तळ्याच्या कडेला पाणी गोठतं म्हणे. काचा खरवडाव्या लागतील."

आक्काचा कप ओठाशीच राहिला. तिने सगळं विचारलं होतं. मशीन किती तास चालतं, फ्रिज केवढा, छपरावरच्या सोलर पत्र्यावर ऊन किती. थंडी किती, हे मात्र विचारलं नव्हतं. शीतगृहातली गाडी आत गेली की लवकर दमते हे तिने विशीतच पाहिलेलं. आणि परीक्षा घेतली ती चार्जिंगच्या ओट्याशेजारी, जिथे हिवाळ्यातही पंखा लागतो! स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं तिला झालं.

"उद्या बसवत नाही," ती म्हणाली.

"का? माझं सामान भरून झालंय!"

"मग उतरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही बॅटऱ्या हातगाडीवर घातल्या आणि शीतगृह गाठलं. बटाट्यांच्या थप्प्यांमध्ये घोंगडी पांघरून, बल्ब लावून बसली. माल उचलणारा गाडीवाला दर खेपेला थांबायचा.

"आक्का, नाक लाल झालं. वजन करून लेबल लावू का तुलाही?"

"लाव. पण बटाट्याच्या भावात देऊ नकोस."

तो गेला की ती पुन्हा बल्बकडे बघायची. उजेड तसाच होता, पण आकडा कालच्यापेक्षा भरभर उतरत होता. पाचव्या तासाला तिला वाटलं मीटर बिघडला असावा. तिने दुसरा आणवला. तोही तेच बोलला. आठवा तास भरता भरता निम्मी रेघ ओलांडली गेली. आक्का बोटं चोळत बसून राहिली. तासभर कमी पडत होता, आणि तो तास पहाटेचा होता. वहिनी गाढ झोपेत असण्याचा.

संध्याकाळी ती बसपाशी गेली आणि जे होतं ते सांगितलं.

दादा भडकला. "तू लहानपणापासून भित्री! विहिरीत पाय सोडायला घाबरायचीस. लोक जगभर फिरतात ते काय तुला विचारून?"

"लोकांच्या बायका मशीनवर झोपत नाहीत."

"मी दोन वर्षं खिळे ठोकले ते अंगणात बसायला?"

"अहो, झोपणार मी आहे," वहिनी बसच्या पायरीवरून म्हणाली. "मला कुणी विचारणार आहे का?" मग ती आक्काकडे वळली. "वन्सं, एक सांगा. बाहेर पाणी गोठणार आणि आपण आत पेटी गार करायला बॅटरी जाळणार? दूध खिडकीत ठेवलं तर पळून जाईल का?"

आक्का तिच्याकडे बघतच राहिली. नऊ तास गारठ्यात बसून तिला हे सुचलं नव्हतं.

फ्रिज रात्री बंद ठेवायचा ठरला. बॅटऱ्या बंद जातीच्या असल्यामुळे बाहेरच्या गार कप्प्याऐवजी आत, पलंगाखाली ठेवता येणार होत्या. आक्काने पुन्हा एक दिवस शीतगृहात काढला, मशीनपुरत्या एकाच बल्बवर. या वेळी नऊ तासांनंतर बरंच शिल्लक राहिलं. मग तिने त्या बसमध्ये पक्क्या बसवल्या, फ्यूज घातला, प्रत्येक जोड हाताने हलवून पाहिला.

"झालं ना?" दादा म्हणाला. "आता दहा दिवस निवांत."

"दहा म्हणू नकोस. ऊन पडलं तर रोज भरतील. ढग धरले तर दोन रात्री, तिसरी नाही." तिने स्वतःचा मीटर काढून दादाच्या हातात न देता वहिनीच्या हातात दिला. "वहिनी, सकाळी सगळं बंद करायचं. तासभर थांबून बघायचं. बारा पॉइंट दोनच्या खाली आकडा दिसला की त्याच दिवशी खाली उतरायचं. हा रुसेल, ओरडेल, मासा गळाला लागलाय म्हणेल. ऐकायचं नाही."

"आणि बरोबर बारा पॉइंट दोनच दिसला तर?"

"तरी उतरायचं."

"वन्सं, तुम्ही चला ना बरोबर."

"मला झोप लागायची नाही तिथे. रात्रभर तुमच्या तोंडाकडे बघत बसेन."

दादाने इंजिन सुरू केलं. आक्काने पलंगाखाली वाकून एकदा शेवटची वायर चाचपली, हात पदराला पुसले आणि उतरली. दुकानाच्या दिशेने भराभर चालू लागली, कुणी हाक मारली तर थांबावं लागेल म्हणून. बस बराच वेळ जागची हलली नाही. दादा आरशातून तिच्याकडे बघत होता आणि वहिनी मीटर छातीशी धरून पायरीवर उभी राहून बघत होती, आक्का कोपऱ्यावर वळेपर्यंत.