आधी बापाला शाळेत घाला

लातूर जिल्हा झाला आणि गावात साहेबांचं पीक आलं, असं शिवकांता म्हणायची. तूर करपली, हरभरा जमिनीतून वर आलाच नाही, विहिरींच्या तळाला नुसती शेवाळलेली दगडं उरली. हे एक पीक मात्र पाण्यावाचून वाढलं. कलेक्टर कचेरी आली, तिच्या मागोमाग बाकीच्या कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग साहेबांच्या बायका, फ्रीज, मनीप्लांटच्या कुंड्या आणि तीन-तीन वर्षांची लेकरं. ह्या लेकरांना गल्लीतली बालवाडी चालेना. तिथल्या पोरांची नाकं गळतात म्हणे. जशी काही साहेबांच्या पोरांची नाकं सरकारी हुकमानं बंद होती.

मग डाळीचे व्यापारी पंचाक्षरी यांनी आपल्या नव्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर नर्सरी काढली. भिंतींवर ससे आणि बदकं रंगवून घेतली, इंग्रजी बोलणाऱ्या दोन मुली शिकवायला ठेवल्या, आणि पहिल्याच आठवड्यात लेकरांच्या रडण्यानं बंगला दुमदुमला तेव्हा धावाधाव करून शिवकांताला गल्लीतल्या त्याच बालवाडीतून उचलून आणलं. कागदावर ती आया होती. पंचेचाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर विभूतीची तीन बोटं. तिच्या मांडीवर बसलं की लेकरू गप व्हायचं. का, ते त्या दोन मुलींना कधी कळलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

ती ते शिकली होती बहात्तर सालात. ती शिरूर अनंतपाळची सून, लातूरला नंतर आली. सासऱ्याचं किराणा दुकान होतं. लग्नाला तीन वर्षं झाली न झाली तोच नवरा काविळीनं गेला, मूलबाळ झालं नव्हतं. दुष्काळात दुकानाची फडताळं रिकामी झाली, तशी ती सरळ तलावाच्या कामावर गेली. दुकानदाराची सून खडी फोडायला बसली म्हणून भावकीनं तोंड फिरवलं. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. दोन दिवसांत तिच्या हातांची सालटी निघाली. मुकादम व्यंकटी म्हणाला, "अक्का, तुमच्यानं खडी फुटंना. तुमी लेकरं धरा."

ताडपत्रीच्या सावलीत चाळीस लेकरं होती. पहिल्या दिवशी केवळाबाई नावाची एक बाई आली, कडेवरचं दोन वर्षांचं पोरगं खाली ठेवलं आणि त्याला म्हणाली, "मी दगडं उचलाया चालले. भाकरीच्या वक्ताला येते." आणि गेली. पोरगं घसा बसेपर्यंत ओरडलं. भाकरीच्या वक्ताला केवळाबाई आली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी पोरानं आईच्या पाठीकडं बघितलं, नाक पुसलं आणि मातीत खेळायला बसलं. केवळाबाईला खोटं बोलायला वेळ नव्हता, एवढंच त्यातलं गुपित होतं.

म्हणून तर लातूरच्या ह्या आईबापांची शिवकांताला शिसारी यायची. कुणी लेकराच्या हातात चॉकलेट कोंबून पळायचा. कुणी बाई लेकराच्याही वर गळा काढायची. एक इंजिनियर तर तीन दिवस शेवटच्या बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. धरणं बांधणारा माणूस, आणि पोराला "जातो" म्हणता येईना.

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये हणमंतराव तिला शोधत आले ते टँकरच्या रांगेत. ते मूळचे हदगावचे, कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेत अव्वल कारकून. पाण्याच्या टँकरचे कागद ज्याच्या टेबलावरून जातात तो माणूस त्या उन्हाळ्यात देवापेक्षा थोडाच कमी. त्यांना बघून रांगेतल्या बायकांनी पदर सावरले, दोघीतिघींनी वाट दिली.

"बाई, आपल्याशी जरा बोलायचं होतं," ते पुस्तकातल्यासारखं म्हणाले. "आधी आपली घागर भरून घेऊ या. मी सांगतो त्याला."

"रांग हाय," शिवकांता म्हणाली. "बोला की. माझे कान काय घागरीत न्हाईत."

त्यांची मुलगी जूनमध्ये पंचाक्षरींच्या नर्सरीत जाणार होती. तिची तयारी करून घ्यायची होती. "तशी ती हुशार आहे. फक्त थोडी... माझ्याशिवाय राहत नाही."

दुसऱ्या दिवशी शिवकांता त्यांच्या घरी गेली. पोरगी माहूरच्या देवीला नवस बोलून झालेली, म्हणून आजीनं नाव रेणुका ठेवलं होतं. नव्या जिल्ह्यात बदली झाल्यावर हणमंतरावांनी तिचं रीना करून टाकलं. पोरीची आई सिंधु तिला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होती. हणमंतरावांनी पोरीला उभं केलं.

"रीना, ए फॉर?"

"ॲपल," पोरगी म्हणाली. मग झेडपर्यंत सगळं म्हणून दाखवलं. झेब्रा लातुरात कुणी पाहिला नव्हता, पण तोही आला. हणमंतराव शिवकांताकडं बघत राहिले, बक्षीस वाटायला आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसे.

शिवकांता खाली बसली. "रेणुका, शी लागली तर काय म्हणतीस गं?"

पोरीनं आईकडं बघितलं.

"तिचं तोंड बघून मला कळतं," सिंधु म्हणाली.

"तिथल्या बाईला तीस तोंडं बघायची असतात. ह्या पोरीला झेब्रा ठावं हाय आन् सोताची चड्डी ठावं न्हाई." शिवकांता हणमंतरावांकडं वळली. "साहेब, पोरीची तयारी मागनं. आधी तुमची करावी लागंल."

हणमंतरावांचा चेहरा पडला. अडीचशे गावं सांभाळणाऱ्या माणसाला एक आया हे सांगत होती. पण गरज त्यांची होती. शिवकांतानं काम सांगितलं: पोरीला तिच्या हातानं जेवू द्यायचं, सांडलं तर सांडू द्यायचं. चड्डी, चप्पल तिची तिनं घालायची, अर्धा तास लागला तरी. नर्सरीला सुट्टी होती, तोवर रोज सकाळी तासभर तिला शिवकांताच्या खोलीवर सोडायचं. जाताना सांगून जायचं, आणि जेव्हा येतो म्हटलं तेव्हाच यायचं.

"आन् लबाड बोलायचं न्हाई," ती म्हणाली.

"मी?" हणमंतराव हसले. "मी कशाला खोटं बोलीन?"

पहिल्याच सकाळी बोलले. "पप्पा इथंच चपलांपाशी बसलेत हं," असं म्हणून ते दारातून मागच्या मागं सटकले आणि स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, आवाज होऊ नये म्हणून. पोरगी थोडा वेळ खेळली, मग उठून चपला बघायला गेली. तिथं शिवकांताच्या एकटीच्या चपला होत्या. पोरगी रडली नाही. ती त्या चपलांपाशीच तासभर बसून राहिली, आणि हे शिवकांताला रडण्यापेक्षा वाईट दिसलं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं बापाचा शर्ट असा धरला की वरचं बटण तुटून आलं.

"तुमच्या इथं पोरगी भिऊन राहिली ना," हणमंतराव म्हणाले. घाईत त्यांची पुस्तकी भाषा सुटली आणि हदगाव वर आलं.

"मला न्हाई भेत ती. तुमच्या जबानीला भेतीय."

त्यानंतर त्यांनी पोरगी पाठवणं बंद केलं. घरी इंग्रजीची आणखी एक चित्रांची वही आणली.

चार दिवसांनी भर दुपारी दार वाजलं. बाहेर सिंधु, कडेवर पोरगी, दोघींची तोंडं उन्हानं लाल झालेली. "ह्यांना सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "ते हापिसात असतात तवा आणत जाईन."

शिवकांतानं तिला आत घेतलं, पण मनातून तिची किंमत काही वाढली नाही. सिंधुला ती मनात गायच म्हणायची. नवऱ्याच्या पुढं मान खाली, पोरीच्या पुढं मान खाली. पोरगी एक घास तोंडात घालून तीन घास जमिनीवर टाकायची तेव्हा सिंधुचे हात आपोआप पुढं व्हायचे, आणि शिवकांता ते हात बाजूला सारायची. "बसा त्या हातांवर," म्हणायची. आणि सिंधु खरोखरच दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायची.

मग सोडून जायची पाळी आली. सिंधु म्हणायची, "मी जाते, चारला येते," आणि दारातच डोळे भरायचे. असं पाच-सहा दिवस चाललं. एकदा शिवकांताचा तोल सुटला.

"गंगा वाहाया लागली बघा. गावात प्यायाला पानी न्हाई आन् इथं धार लागलीय. तलावाच्या कामावर बाया दगडं उचलत व्हत्या, एकीनं असली थेरं केली न्हाईत."

सिंधुनं डोळे पुसले. पण ती मागं सरली नाही. "तुमचं समदं बराबर हाय, अक्का. पर तुमचा पदर तुमच्या पोटच्यानं कधी धरला न्हाई. त्या बोटांतनं तो सोडवताना काय व्हतं, ते तुमाला ठावं न्हाई. मी रडते. पर जाऊन राहिले ना? चारला येते." आणि ती गेली.

शिवकांता पोरीला मांडीवर घेऊन बसून राहिली. तिचा पदर शेकडो लेकरांनी धरला होता. प्रत्येकानं आपली आई दिसताच तो सोडला होता. ह्या गोष्टीचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं, किंवा तसं तिनं वाटू दिलं नव्हतं. त्या दुपारी पोरीनं पाणी मागितलं ते तिला दुसऱ्या हाकेला ऐकू आलं. चारला सिंधु आली तेव्हा शिवकांतानं तिला पहिल्यांदा बसायला चटई टाकली. माफी वगैरे ती मागणारी नव्हती. गाय म्हणणं मात्र तिनं सोडून दिलं.

जूनमध्ये नर्सरी उघडली. हणमंतरावांनी सिंधुला घरीच ठेवलं. "तू रडशील. चारचौघांत शोभत नाही," म्हणाले आणि स्वतः पोरीला स्कूटरवर पुढं उभं करून आले. पोरीनं चपला स्वतः काढल्या, स्वतः ओळीत लावल्या. हणमंतरावांना वाटलं, ही चित्रांच्या वहीची कमाल. "पप्पा आत्ता आले हं," असं म्हणून ते बाहेर पडले आणि खिडकीसमोरच्या लिंबाच्या झाडामागं उभे राहिले.

पोरगी थोडी मुसमुसली, मग ठोकळ्यांकडं गेली. तेवढ्यात झाडाआडून बापाचं डोकं बाहेर आलं. पोरीनं बघितलं आणि किंकाळी फोडली. डोकं आत गेलं. शिवकांतानं तिला कसंबसं शांत केलं, तर डोकं पुन्हा बाहेर. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी सगळा वर्ग रडायला लागला आणि त्या दोन इंग्रजी मुलींपैकी एक, तीसुद्धा.

शिवकांता बाहेर आली. फाटकापाशी पंधरा-वीस आईबाप उभे होते.

"या साहेब, झाडाच्या मागनं या. लपाछपी झाली असंल तर या."

"हळू बोला," हणमंतराव दबक्या आवाजात म्हणाले. "मी कोण आहे माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय की. अडीचशे गावांच्या पान्याचे कागद तुमच्या हातात हायत. गावच्या गावं तुमच्या शब्दावर घागरी मांडून बसत्यात. आन् तीन वर्साच्या पोरीला खरा शब्द द्यायला तुमची जीभ उचलंना. चला आत. तिला सांगा, मी चाललो, आई बाराला येनार. दोन वाक्यं हायत. झेब्र्यापेक्षा सोपी."

फाटकापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. हणमंतराव आत गेले नाहीत. किल्ली दोनदा चुकीची फिरवून त्यांनी स्कूटर सुरू केली आणि निघून गेले. शिवकांता आत आली आणि पोरीला म्हणाली, "बाप गेला. आई बाराला येनार." पोरगी हुंदके देत ठोकळ्यांपाशी बसली. शिवकांतानं लगोलग निरोप धाडला होता, सिंधु बाराला पाच कमी असताना आली.

संध्याकाळी पंचाक्षरींनी बोलावलं. हे तिच्याच जातगोताचे, त्यामुळं तिला जास्तच राग आला. "शिवकांताअक्का, सायबाची माफी मागून टाका. चार घरं त्यांच्याच ओळखीनं आलीत. धंदा हाय, शेवटी."

"डाळीतला खडा निवडता येतो तुमाला, मानसांतला येत न्हाई," ती म्हणाली. छापील सशांचा एप्रन काढून तिनं त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घडी घातली नाही.

वर्षभर ती घरीच होती. पुढच्या वर्षी तिच्या गल्लीतल्या मठाची ओसरी रिकामी होती. मठाची व्यवस्था बघणाऱ्या माणिकप्पांनी ती दिली. तिथं तिनं आपली बालवाडी मांडली. अट एकच होती: लेकरू यायच्या आधी पंधरा दिवस आईबापांनी यायचं, दोघांनी. लोक हसले. एका डॉक्टरनं विचारलं, "आमच्या मुलाला आधी काय काय आलं पाहिजे?" ती म्हणाली, "त्याला सगळं येतं. तुमाला काय येतं ते दाखवा." डॉक्टर रागानं उठून गेला. आठ दिवसांनी त्याची बायको त्याला घेऊन परत आली. पहिल्या वर्षी अकरा लेकरं होती. सकाळी मदतीला सिंधु यायची. रेणुकाला नर्सरीत सोडून, चालत, पाठीमागं न बघता. डोळे अजून भरायचे तिचे. शिवकांता तेव्हा दुसरीकडं बघायची.

हणमंतराव ओसरीकडं कधी फिरकले नाहीत. कचेरीत मात्र ते नव्यानं बाप झालेल्यांना जवळ बसवून सांगायचे की मुलांना स्वावलंबन लहानपणीच लावावं लागतं, आमच्या रीनाला मी स्वतः ट्रेन केलं. एका बापानं हे ऐकलं आणि ओसरीत येऊन शिवकांताला सांगितलं, तिला आनंद होईल असं वाटून. ती लेकरांचे हात धुवत होती. तिनं तांब्या खाली ठेवला, ओसरीच्या कडेला जाऊन रस्त्यावर थुंकली, आणि पुढच्या लेकराचे हात धरले.