आमालेंनी रंगवलेली भिंत

उर्गन चोस्फेलचं त्या वर्षी गावभर हसं झालं होतं. ट्रक चालवून कंबर मोडून घेतलेला माणूस. आता जवाची शेती बघावी, उन्हात बसून घरची छंग, जवाचीच दारू, प्यावी, तर या गृहस्थाने घराच्या दक्षिण अंगाला काचेची पडवी चिकटवली आणि पडवीतली मातीची भिंत काळीकुट्ट रंगवून टाकली. दिवसभर त्या भिंतीने ऊन पोटात घ्यायचं आणि रात्री पलीकडच्या खोलीत ऊब सोडायची, म्हणजे गोवऱ्यांची शेगडी, ती बुखारी, पेटवायलाच नको. उत्तरेच्या बाजूला त्याने दुहेरी भिंत घालून मध्ये पेंढा ठासला. फटी बुजवता बुजवता त्याची बोटं फुटली.

“आचो उर्गन, आत टोमॅटो पिकवणार की अंडी उबवणार?” शेजारचा नवांग कुंपणावरून ओरडायचा.

“तुझ्या तोंडावर बसवायला एखादी काच उरते का बघतोय!”

पण हौस म्हणून का करत होता तो? त्याच्या बायकोच्या, लामोच्या छातीत गोवऱ्यांच्या धुराने कायमचं घर केलं होतं. लेहच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, आणखी एक हिवाळा धुरात काढायचा नाही. खोली बुखारीशिवाय उबदार राहिली तर ठीक, नाहीतर लामोने बर्फ वितळेपर्यंत जम्मूला बहिणीकडे जाऊन राहायचं. जम्मूचं नाव काढलं की लामोचे डोळे भरायचे. “तिथे मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही,” म्हणायची.

आणि भिंतीने काम केलं हो! थंडी चांगली पडली तरी पहाटे खोलीतल्या कळशीवर बर्फाचा पापुद्रा धरला नाही. लामो रात्रभर न खोकता झोपली. नवांगचं तोंड आपोआप मिटलं.

मग लोसर तोंडावर आला. नव्या वर्षाचं सामान आणायला उर्गन लेहला गेला आणि भाच्याकडे मुक्काम करून परतला. फाटकातूनच त्याला दिसलं, काचेच्या आत भिंत दुधासारखी पांढरी लखलखत होती. पुढ्यात त्याची आई, आमाले, पांढऱ्या मातीची बादली घेऊन उभी. चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू.

उर्गनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आमाले! हे काय करून ठेवलंस?”

“काय म्हणजे? लोसरला सगळं गाव घरं सारवतंय, आणि आपल्याकडे काळी भिंत? सुनेला आयुष्य मागायचं आणि तिच्याच उशाशी काळं ठेवायचं?”

“हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना!”

“काचेला हात लावू नकोस म्हणालास. लावलं का बोट? दाखव कुठे डाग आहे तो!”

उर्गनने कपाळावर हात मारला. काचेचंच म्हणाला होता तो. भिंतीला कोणी हात लावेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तापलेल्या भिंतीवर माती लगेच वाळून घट्ट बसली होती. खरवडावी तर खालचा गिलावाही सोबत येत होता. काळा रंग संपलेला, आणि सणामुळे दुकानं बंद. इतके दिवस हाडं झिजवली ती सगळी पाण्यात!

दुसऱ्या सकाळी कळशी टणक गोठली होती. लामो निमूटपणे स्वयंपाकघरात गेली आणि बुखारी पेटवून बसली. लोण्याचा चहा घुसळता घुसळता तिला अशी ढास लागली की हातातली रवी सुटली.

“ऐक!” उर्गन आईवर खेकसला. “तुझ्या त्या पांढऱ्या भिंतीने तिला जम्मूला धाडलं. आता बस सण करत!”

लामो म्हणाली, “पुरे करा हो. त्यांनी माझ्यासाठीच केलं.” त्यावर तर तो जास्तच चिडला. कारण ते खरं होतं, आणि खऱ्याने खोली तापत नाही.

लोसरच्या सकाळी नवांग शुभेच्छेचं शुभ्र रेशमी वस्त्र, खताग, घेऊन दारात आला, तर घरात आमालेंचा पत्ता नाही. बुखारीचं धुराडं जाग्यावर नाही. उर्गन शिव्या घालत पडवीत गेला आणि थबकला.

आमालेंनी धुराडं उतरवून झटकलं होतं. सगळी काजळी परातीत घेऊन सत्तूच्या खळीत कालवली होती आणि दोन्ही हातांनी भिंतीला फासत होत्या. अंगातला सणाचा नवा झगा, गोंचा, कोपरापर्यंत बरबटला होता, गालावर काळे फराटे. जिथवर हात पोचला तिथवर भिंत काळी झाली होती. इतकी वर्षं लामोच्या छातीत गेला त्याच धुराची काजळी होती ती.

काळ्यावर एका कोपऱ्यात त्यांनी पिठाचे पांढरे ठिपके काढले होते, लोसरला स्वयंपाकघराच्या भिंतीवर काढतात तसे.

“एवढे राहू देऊ का रे?” आमालेंनी वळून न बघताच विचारलं. “यांनी ऊन अडणार नाही ना?”

उर्गनला अजून रागच होता. पण तो कोणावर काढावा ते त्याला सुचेना. त्याने बाह्या वर केल्या आणि परात स्वतःकडे ओढली.

“राहू दे,” तो म्हणाला. “पण बारीक काढ.”