पांढऱ्या गाडीतला पाहुणा

घोळ माझ्या हातून पुष्कळ झालेत. आमच्या हिला विचारलंत तर ती एकेक करून, कोणत्या सणाला कोणता, असे सांगेल. पण एक घोळ असा आहे की तो ती सांगत नाही, मलाच सांगावा लागतो. तो ऐकून हसायचं की गप्प बसायचं, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही चहा घ्या आणि तुमचं तुम्ही ठरवा.

मास्तरकीतून निवृत्त झालो आणि हट्टा या आमच्या गावी घरी बसून करायचं काय, म्हणून जवळा बाजारच्या पुढं एक केंद्र आहे तिथं जायला लागलो. तेरा ते अठरा वर्षांची मुलंमुली तिथं राहून उपचार घेतात. कुणी गुटख्यावरून सुरू होऊन भलत्याच नशेपर्यंत गेलेलं, कुणी शाळा सोडून भिंतीकडं तोंड करून बसलेलं, कुणी जेवणच टाकलेलं. एक डॉक्टरीणबाई ते चालवतात. सकाळी सगळे गोल करून बसतात, रात्री झोप कशी लागली ते एकमेकांना सांगतात, मग कामाच्या पाळ्या ठरतात. झाडलोट, भाजी चिरणं, वांग्याच्या रोपांना पाणी. बाई स्वतःसुद्धा भांडी घासतात. मला भाकरीची पाळी दिली होती, पण माझ्या भाकरीचे आकार बघून पोरींनीच मला पाणी भरण्यावर बदलून टाकलं.

देणग्या जमवायचं काम मात्र माझ्याकडं आलं. मला बोलता येतं असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

त्या वर्षी नड होती मुलींच्या न्हाणीघराची. तीन बाजूंनी पत्रे आणि चौथ्या बाजूला जुन्या चादरीचा पडदा. एकीनं आंघोळ करायची तर दुसरीनं तो पडदा धरून उभं राहायचं. वारा सुटला की दोघींचे हाल. मुलं आठवडी बाजारात हळदीच्या पुड्या आणि कुरडया विकत, पण त्यातून तेल-मीठ निघे, न्हाणीघर निघेना. मी दोन महिने वसमतच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मागं लागलो होतो. शेठला मी पाहिलेलं नव्हतं, सगळं फोनवर. शेवटी ते म्हणाले, येतो रविवारी, अकरा वाजता, जागा बघतो आणि मग ठरवतो.

मग काय, मी तयारीला लागलो. शाल आणली, नारळ आणला. गावातली चार प्रतिष्ठित मंडळी बोलावली. पोरांनी फळ्यावर रंगीत खडूनं ‘सुस्वागतम्’ लिहिलं. बाईंनी मला एकच गोष्ट बजावली. म्हणाल्या, “गुरुजी, पाहुण्यांसमोर लेकरांचं प्रदर्शन नको. ज्याला यायचं तो येईल, ज्याला नाही यायचं तो येणार नाही. कुणाची कहाणी सांगायची नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही.” मी म्हटलं, बराबर आहे.

अकराला पाच कमी असताना फाटकाशी पांढरी गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, त्यानं मागचं दार उघडलं आणि आतून एक गृहस्थ उतरले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. पन्नाशीच्या आतबाहेरचे. चेहरा उन्हानं रापलेला. हा माणूस वखारीत बसून राहणारा नाही, शेतावर स्वतः जाणारा आहे, असं मी मनात त्यांचं कौतुकही करून टाकलं. मी हार घेऊन धावलो.

“या, या. आम्ही तुमचीच वाट बघत होतो.”

ते जागच्या जागी थांबले. “माझी?”

“तुमचीच. आणि आज सकाळपासून नाही, दोन महिन्यांपासून.”

त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “मला यायला लई उशीर झाला.”

“आलात ना? झालं तर मग,” मी म्हणालो आणि हार घातला.

आता तुम्हीच सांगा, यात मला संशय यावा असं काय होतं? एवढी नम्रता मी कुठल्याच देणगीदारात पाहिली नव्हती, हे खरं. पण नम्रतेवर संशय घ्यायला मी काही पोलीस पाटील नव्हतो.

आत जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, “लेक कुठं हाय?”

मला वाटलं, मुली कुठं आहेत असं विचारताहेत. न्हाणीघर मुलींचंच बांधायचं होतं ना. मी त्यांना समजावलं, की इथला नियम आहे, आल्या आल्या पाहुण्यांसमोर मुलींना आणत नाहीत. आधी सत्कार होईल, मग बाई सगळं दाखवतील. त्यांनी ‘सत्कार’ हा शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला आणि मान हलवली. नियम म्हटल्यावर तो पाळायचा, असा त्यांचा चेहरा झाला.

मी त्यांना न्हाणीघराकडं नेलं. चादर उचलून दाखवली. पोरींना कसं उभं राहावं लागतं ते सांगितलं. त्यांनी तो पडदा हातात धरून बघितला आणि म्हणाले, “हे तर लई वंगाळ झालं.” मला वाटलं, काम झालं.

पुढं सत्कार. खुर्चीत बसवून मी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. बाई औषधांच्या खोलीतून नुकत्याच येऊन मागं उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही शेठला कधी पाहिलेलं नव्हतं. समोर सतरंजीवर दहा-बारा मुलं होती. बाकीची आपापल्या पाळीवर.

मग मी बोलायला उभा राहिलो. माझं एक ठेवणीतलं वाक्य होतं, जिथं जाईन तिथं टाळ्या घेणारं. तेही मी काढलं. म्हणालो, “पोराला पोरकं करायला आई-बापांनी मरावंच लागतं असं नाही. काही आई-बाप लेकरू इथं सोडतात आणि सहा-सहा महिने तोंड दाखवत नाहीत. साधा एक फोन नाही. आणि हे बघा, ज्यांचं इथं नात्याचं कुणी नाही, ते धावत आलेत.”

पाहुण्यांनी मान खाली घातली. शालीचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी म्हटलं, बघा, स्तुती सहन होत नाही माणसाला. आणि तेच वाक्य जरा चढ्या आवाजात पुन्हा एकदा म्हटलं.

हा दुसरा डाव मी टाकला नसता, तर आज एवढं लागलं नसतं.

मग त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते उठले. नारळ कुठं ठेवावा कळेना, तो हातातच राहिला.

“मला बोलता येत न्हाई,” ते म्हणाले. “गुरुजी बोलले ते खरं हाय. माझी लेक तुमच्यापाशी हाय. तिला तुमी सांभाळून राहिलात. मी आलो न्हाई. चूक माझी हाय.”

मी जोरात टाळ्या वाजवल्या. इथल्या सगळ्या मुलींना हा माणूस आपली लेक म्हणतोय, केवढं मन. गावातल्या मंडळींनीही वाजवल्या. मग लोखंड तापलंय असं समजून मी म्हणालो, की आज आपण आमच्यासाठी काय घेऊन आलात तेही सगळ्यांना कळू द्या.

त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला. कापडी पिशवीत हात घालून गुळाची एक ढेप काढली, आणि कागदात गुंडाळलेला पंजाबी ड्रेस काढला. लाल रंगाचा, आरशांचं काम केलेला.

“गूळ सगळ्या लेकरांना,” ते म्हणाले. “ड्रेस तेवढा शीतलला आणला. तिला बोलवता का?”

टाळ्या वाजवायला उचललेले माझे हात तसेच राहिले. बाई मागून पुढं आल्या आणि त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “तुम्ही शीतलचे वडील?”

“व्हय. गणपत राठोड. साखऱ्याकडल्या तांड्यावरून आलो.”

शीतल सोळा वर्षांची. दिवाळीनंतर तिच्या मामानं तिला आणून सोडली होती, कारण आई-बाप ऊसतोडीला दूर मुलखात गेलेले. ती आली तेव्हा दिवसाकाठी अर्धी भाकरही खात नव्हती. हळूहळू खायला लागली, बोलायला लागली, पण घरच्यांचा विषय निघाला की उठून जायची. आमच्यापैकी कुणीच तिच्या वडिलांना पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी तिनं सत्काराला न येता आपण होऊन स्वैपाकघराची पाळी मागून घेतली होती.

कुणीतरी तिला बोलावून आणलं. ती दारात उभी राहिली, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. समोर खुर्चीपाशी तिचा बाप, गळ्यात हार, अंगावर शाल, हातात लाल ड्रेस.

तिनं हार बघितला, शाल बघितली. मग विचारलं, “बा, तुझा सत्कार काहून करून राहिले?”

गणपतराव म्हणाले, “ठाव न्हाई बाई. आल्या आल्या हार घातला, मग शाल घातली. मला वाटलं, सगळ्याच बापांना घालतेत.”

आणि ती पोर हसली. आधी तोंडावर पिठाचा हात ठेवून, मग मोकळ्यानं. सगळं तोंड पांढरं झालं. ती हसता हसता बापाजवळ गेली आणि रडायला लागली, आणि पुढं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, कारण बाईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं.

बाहेर ओट्यावर मी बसलो. थोड्या वेळानं गणपतराव स्वतःच माझ्याकडं आले. मी उठून उभा राहिलो, त्यांना बसायला जागा केली. ते म्हणाले, की टोळी सोडून मधेच येता येत नाही, मालकाचा ऊस उभा असतो. फोन होता तो फडातच कुठं हरवला, नंबर त्यातच होते. परत आल्यावर मामाकडून पत्ता घेतला, पाव्हण्याची गाडी मागितली, लग्नाकार्यात घालायचे कपडे काढले. लेक चांगल्या लोकांत राहते, तिथं बापानं कसंतरी जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, मी तुम्हाला लेकरांदेखत नको ते बोललो.

“शेठ येणार होते ते बाईंनी सांगितलं. तुमी ते त्यांच्यासाठी बोललात,” ते म्हणाले. “मला बसून ऐकावं लागलं, एवढंच.”

बाईंनी मला वेगळं बोलावून सांगितलं, की ते वाक्य यापुढं कुठल्याही भाषणात नको. मी म्हटलं, ते वाक्य मेलं. बाई म्हणाल्या, “टाळ्यांसाठी वापरायला दुसरं काही शोधा. नाहीतर टाळ्यांशिवाय मागा.”

खरे शेठ दुपारी दीडला आले. मोटारसायकलवर, चुरगळलेल्या शर्टात, रस्त्यात चाक पंक्चर झालेलं. मी फाटकावरच होतो. आता मी शहाणा झालेलो. एकदम आत कुणाला घेणार नाही असं ठरवलेलं. मी अदबीनं विचारलं, “या. कुणाचे वडील आपण?”

ते म्हणाले, “दोन पोरींचा बाप आहे, पण त्या वसमतला असतात. गुरुजी तुम्हीच का?”

हार गणपतरावांच्या गळ्यात, शाल त्यांच्या अंगावर, नारळ फुटून लेकरांच्या तोंडात. शेठचा सत्कार मी ज्वारीची भाकर आणि गुळाच्या खड्यावर केला. झाला प्रकार बाईंनी त्यांना जेवताना सांगितला. ते हसले नाहीत. हात धुतले, न्हाणीघर बघितलं आणि विटा-सिमेंट पाठवतो म्हणाले. पाठवलंही. आता तिथं पक्की भिंत आहे आणि आतून कडी लागणारं दार आहे. पुढं उन्हाळ्यात शीतल बरी होऊन घरी गेली, शाळेचा फॉर्मही भरला.

पण तुम्हाला खरी गोष्ट सांगायची ती त्या दिवशी संध्याकाळची. गणपतराव निघाले. शीतल लाल ड्रेस घालून फाटकापर्यंत आली होती. गाडीत बसायच्या आधी ते परत माझ्याकडं वळले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारू का नको असं चाललं होतं.

“गुरुजी, एक विचारू?”

“विचारा ना.”

“ही गाडी पाव्हण्याची हाय. घडी घडी मागता येणार न्हाई. पुढच्या खेपेला मी एसटीनं येईन, रोजच्या कपड्यात.” त्यांनी फाटकाकडं बघितलं. “मग मला आत येऊ देता ना?”