अण्णांच्या दोन गाड्या

अण्णा गेल्याचा फोन विद्यानं केला. विद्या म्हणजे त्यांची मुलगी, बेळगावात दिलेली. सकाळी उठून चहा मागितला आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं, एवढंच ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे अण्णांच्या स्वभावाला धरून झालं नाही. गावाला जायचं तर महिनाभर आधी बेत करणारा, वाटेतल्या पाण्याच्या तांब्यापर्यंत सगळं ठरवणारा माझा हा चुलतभाऊ असा न सांगता उठून कसा गेला... वाईट वाटायला मला थोडा वेळ लागला. धारवाडहून हुबळीच्या बसमध्ये बसल्यावर उणकलचा तलाव दिसला तेव्हा ते वाटलं, आणि फार वाटलं.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात अण्णांचं कापडाचं दुकान होतं, त्यांच्या वडिलांनी निपाणीहून येऊन मांडलेलं. दुकानाबरोबर वडिलांनी एक नियमही मागे ठेवला होता. बाजारातलंच एक कुटुंब पूर्वी कधी लग्नाला म्हणून सगळंच्या सगळं एका मोटारीतून गेलं आणि परत आलं नाही. त्यांच्या दुकानाचं कुलूप परक्या माणसांनी फोडलं. ते ज्यांनी पाहिलं त्यांनी धसका घेतला, आणि आमच्या काकांनी घरात सांगून टाकलं, नवरा-बायकोनं एका गाडीत बसायचं नाही. पोरांना दोघांपैकी एक तरी उरलं पाहिजे. काका गेले, पण अण्णांनी नियम देव्हाऱ्यातल्या टाकासारखा सांभाळला. कोल्हापूरला अंबाबाईला जायचं तर वहिनी आणि धाकटा मुलगा गिरीश रेल्वेनं मिरजेपर्यंत, अण्णा आणि विद्या ॲम्बॅसेडरनं. माझ्या मुलीच्या बारशाला ही मंडळी हुबळीतल्या केशवापूरच्या घरून धारवाडला आली तीसुद्धा दोन तुकड्यांनी, अर्धी मोटारीत, अर्धी सिटी बसमध्ये. मोटारीत जागा रिकामी होती, हे मी स्वतः पाहिलं. आम्ही थट्टा करायचो. अण्णा हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायचे.

या प्रवासांतली एक गोष्ट मला स्पष्ट आठवते. हुबळी स्टेशनवर वहिनींना बसवून दिलं की अण्णा खिडकीच्या गजांवर हात ठेवून म्हणायचे, "उतरलीस की हलू नकोस. मी येतो." दरवेळी हेच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मग घाईघाईनं जाऊन मोटार काढायचे. आणि येत असत, यात वाद नाही. मिरजेच्या फलाटावर वहिनी ट्रंकेवर बसून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. चहा प्यायलासुद्धा उठायच्या नाहीत.

पुढं गिरीश नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडला गेला, तिथंच स्थिरावला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आई-वडिलांनी यावं, आल्प्स बघावेत, थोडं रेल्वेनं, थोडं मोटारीनं फिरू, असा त्यानं लकडा लावला. अण्णा हो म्हणाले आणि एका रविवारी त्यानं पाठवलेला नकाशा घेऊन माझ्याकडे धारवाडला आले, वहिनींसह. म्हणजे ते मोटारीनं आणि वहिनी बसनं. मी शाळेत भूगोल शिकवत असल्यानं या खात्याचा प्रमुख मीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नकाशा जाजमावर पसरला. अण्णांनी खिशातून दुकानातली दोऱ्याची दोन रिळं काढली. लाल दोरा मोटारीचा, निळा रेल्वेचा. जिथं रस्ता आणि रूळ जवळ येतील त्या गावाला टाचणी. टाचणी म्हणजे भेटायची जागा. लाल दोऱ्यावर ते स्वतः आणि गिरीश, निळ्यावर वहिनी, सून आणि नात. आल्प्स म्हणजे त्यांच्या लेखी जरा लांबचं कोल्हापूर होतं.

जायचं कधी, तर दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मध्ये. गिरीश फोनवर सांगून थकला की उन्हाळ्यात या, नोव्हेंबरात वरचे घाट बर्फानं बंद होतात. अण्णा म्हणाले, "उन्हाळ्यात लग्नसराई असती. दुकान टाकून बर्फ बघू?" कापडाच्या व्यापाऱ्याला वर्षात मोकळीक मिळते ती तेवढीच, आणि ती सगळ्या जगालाच मिळत असणार अशी त्यांची समजूत असावी.

दोरे लावून झाले. वहिनी कोपऱ्यात बसून वालपापडी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी येत नाही."

अण्णांना वाटलं थंडीची भीती. ते लोकरीचं सांगायला लागले.

"थंडीचं नाही की हो. डोंगर बघायला तेवढ्या लांब कशाला? दांडेलीत काय कमी आहेत? लग्न झाल्यापास्नं तुमच्या शेजारी बसून खिडकीतनं एक गाव मागं गेलेलं बघितलं नाही मी. तिथंही तुम्ही एकीकडं आणि मी एकीकडंच बसणार असले तर मी हितंच बरी."

त्या पुन्हा शेंगा निवडू लागल्या. आवाज चढलेला नव्हता. अण्णांनी टाचण्या एकेक करून काढल्या, दोरे रिळांना गुंडाळले, नकाशाची घडी केली. जेवण झालं, इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अण्णा, नियम पोरांसाठी होता. आता गिरीशचे केस पिकायला लागले. आई-बापावाचून अडणार कुणाचं?"

"खरं आहे रे मधू," ते म्हणाले. "पण भीती कुठं मोजून वागती? ती दोघांत एक तरी उरू दे म्हणायला लावायची. आता मला वाटतं, तुझी वहिनीच उरू दे."

हे मी वहिनींना कधी सांगितलं नाही.

नंतर कितीतरी दिवस आल्प्सचं नाव निघालं नाही. मग एकदा मी दुकानात गेलो तर अण्णांनी मला गादीवर बसवलं आणि हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवून विचारलं, "गिरीश म्हणतो, घाट बंद असला की मोटार रेल्वेवर चढवतात. माणसं मोटारीतच बसून राहतात आणि बोगद्यातनं पलीकडं निघतात. हौदा? खरं का?"

मी म्हटलं, तसं आहे खरं.

"मग त्या वेळी माणूस मोटारीत असतं की रेल्वेत?"

"दोन्हींत."

त्यांनी एका गिऱ्हाइकाचं परकराचं कापड फाडून दिलं, घडी केली, आणि मग म्हणाले, "म्हणजे मी मोटारीत, ती रेल्वेत. नियम कुठं मोडला?" मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा सौदा जमलेल्या माणसाचा होता. नकाशा पुन्हा उघडला गेला. डोंगराच्या पोटात एवढ्याशा अंतरावर लाल आणि निळा दोरा एकमेकांना पीळ घालून लावला गेला, आणि वहिनी यायला तयार झाल्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, बोगद्यात खिडकीतनं काय दिसणार?" त्या म्हणाल्या, "ते मी बघून घेते की."

गेले, फिरले, तुळशीच्या लग्नाच्या आत परत आले. बर्फ, तळी, घंटा बांधलेल्या गाई यांचं वर्णन अण्णांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. बोगद्याबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. वहिनींनाच मी विचारलं.

"गिरीश पुढं होता, आम्ही मागं. काळोखच होता," त्या म्हणाल्या. "मोटार उभी, आणि तरी पळत होती. यांनी माझा हात धरून ठेवला होता... चांगला घट्ट. घाम आला होता तेवढ्या थंडीत."

"मग?"

"मग उजेड आला. स्टेशन आल्यावर मला उतरवून रेल्वेनं आलेल्या सुनेच्या हवाली केलं. उतरलीस की हलू नकोस, मी येतो."

त्या हसल्या. मला वाटतं, त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. त्यानंतर हुबळीत पुन्हा दोन गाड्या सुरू झाल्या, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

अण्णा गेले त्याला आता महिना उलटला. त्याच आठवड्यात अस्थी गोकर्णाला न्यायच्या होत्या. गिरीश आला होता; त्यानं सगळ्यांना पुरेल अशी एकच मोठी गाडी ठरवली. सकाळी केशवापूरच्या घरासमोर आम्ही सगळे चढलो. पुढच्या आसनावर गिरीश बसला, मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश घेऊन. वहिनी येणार म्हणून हट्टानं तयार झाल्या होत्या, पण फाटकाशीच उभ्या राहिल्या.

"आई, चल की. जागा आहे," गिरीश म्हणाला.

"दुसरी गाडी कुठाय?"

"एकच सांगितलीय. सगळे मावतो."

"यांची गाडी पुढं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी मागनं येते."

विद्या काही बोलणार होती, मी तिला खुणेनं थांबवलं आणि खाली उतरलो. दुसरी गाडी सांगायला शेजारचा माणूस गेला. वहिनी गाडीजवळ आल्या. उघड्या खिडकीतून हात आत घालून त्यांनी फडक्याची सुटलेली गाठ नीट बांधली. मग तिथंच, खिडकीच्या कडेवर हात ठेवून, अगदी हळू म्हणाल्या, "उतरलात की हलू नका. मी येते."

गिरीशनं काच वर केली नाही. गाडी निघाली.